डासअळ्यांची वाढ रोखणारी औषधं (आयजीआर): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डासअळ्यांच्या सर्वेक्षणाचं काम करते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून दिवाळीपर्यंत फोनवर तेच ते प्रश्न येत राहतात. कुणी सोसायटीचे सेक्रेटरी असतात, कुणी ग्रामपंचायत सदस्य, कुणी आशाताई रांजणाचा फोटो पाठवून विचारतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत.

१. आयजीआर म्हणजे नेमकं काय? विषच ना शेवटी?

आयजीआर म्हणजे ‘इन्सेक्ट ग्रोथ रेग्युलेटर’, कीटकांच्या वाढीवर घाला घालणारं औषध. नेहमीची बरीच कीटकनाशकं किड्याच्या मज्जासंस्थेवर काम करतात आणि किडा काही तासांत तडफडून मरतो. आयजीआर मज्जासंस्थेच्या वाटेला जात नाही, ते मोठं होण्याचा क्रमच बिघडवतं. डासाची अळी वाढताना चार वेळा कात टाकते. चौथ्या वेळी तिचा कोष होतो आणि कोषातून डास बाहेर पडतो. आपल्याकडच्या पावसाळी हवेत अंड्यापासून डासापर्यंतचा हा प्रवास साधारण सात ते दहा दिवसांत उरकतो. आयजीआर तो मध्येच अडवतं. किड्याच्या दृष्टीने ते विषच आहे, म्हणून हातमोजे आणि लेबल वाचणं यातून सुटका नाही. माणसाच्या दृष्टीने काय, ते प्रश्न ६ मध्ये.

२. औषध टाकून चार दिवस झाले, अळ्या मजेत वळवळतायत. औषध बनावट निघालं का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त नुकसानही याच गैरसमजातून होतं. बहुतेक वेळा औषध चोख असतं, चूक आपल्या अपेक्षेत असते.

पायरीप्रॉक्सीफेनसारखं औषध अळीला लगेच मारत नाही. अळी खाते, पोहते, वाढते, पाण्याच्या वर येऊन श्वास घेते. कधी कधी तर नेहमीपेक्षा जास्त दिवस अळीच राहते. तिचा कोष होतो तेव्हा खरा परिणाम दिसतो: कोष मरतो, नाहीतर त्यातून डास धड बाहेर पडत नाही. म्हणजे टाकीत डोकावून अळ्या मोजल्या तर औषध हरलेलं दिसणार, आणि त्याच टाकीतून एकही डास उडालेला नसणार.

एका सोसायटीत मी हे समजावून सांगून आले होते, तरी पाचव्या दिवशी कुणीतरी धीर सोडून त्या हौदात रॉकेल ओतलं. अळ्या मेल्या, पण हौदाचं पाणी झाडांनाही घालण्याजोगं राहिलं नाही, आणि मूळ औषध काम करत होतं का हे कळायची सोयही गेली. मला त्याचं वाईट वाटलं, कारण रॉकेल ओतणारा माणूस तळमळीनेच ओतत होता.

जिवंत अळ्यांचा एक फायदाही आहे. त्या पाण्यातलं खाद्य खाऊन टाकतात, त्यामुळे नव्याने फुटलेल्या अळ्यांना कमी मिळतं. शिवाय मासे आणि चतुराच्या अळ्या यांचं त्या अन्न असतात.

३. मग औषध लागू पडलं हे ओळखायचं कसं?

अळ्या मोजू नका. बाहेर किती डास पडतात ते मोजा. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, लोणच्याची रिकामी बरणी पुरते.

औषध टाकल्यावर सुमारे आठवड्याने त्याच टाकीतलं पाणी रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत घ्या. नळाचं पाणी चालणार नाही. चमच्याने पंचवीस-तीस कोष उचलून त्यात सोडा. कोष ओळखणं सोपं आहे: डोकं मोठं, शेपूट आत वळलेली, अगदी स्वल्पविरामासारखा आकार, आणि वरून सावली पडली की गटांगळ्या खात खाली जातो. बरणीच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा रबरबँडने घट्ट बांधा आणि सावलीत ठेवा. जिथे औषध टाकलेलं नाही अशा पाण्यातले तेवढेच कोष दुसऱ्या बरणीत ठेवा, त्याशिवाय तुलना होत नाही. तीन दिवसांनी बघा.

दुसऱ्या बरणीत जाळीला डास चिकटलेले असतील. औषधाच्या बरणीत बरेच कोष मरून सरळ, ताठ होऊन तरंगत असतील. काही ठिकाणी अर्धवट जन्मलेला डास दिसेल: डोकं आणि छाती बाहेर, पाय मात्र कोषाच्या सालीत अडकलेले, पांढरे पट्टे स्पष्ट दिसतायत, आणि तो तसाच पाण्यावर आडवा पडून मेलेला. भिंग असेल तर मुलांनाही दाखवा. एकदा हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस प्रश्न २ पुन्हा विचारत नाही.

तीस कोषांतून तीनच डास निघाले तर नव्वद टक्के काम झालं. अळीपणीच मेलेल्या यात धरलेल्या नाहीत, म्हणजे खरा परिणाम थोडा जास्तच. दोन्ही बरण्यांतून सारखेच डास निघाले, तर मात्र औषधावर संशय घ्या. बरण्या उघडण्याआधी त्यात गरम पाणी ओता. अभ्यास करता करता घरात डास सोडायचे नाहीत.

४. यात प्रकार किती? दुकानदार वेगवेगळी नावं सांगतो.

दोन कुळं लक्षात ठेवा. पहिलं कुळ कीटकाच्या ज्युव्हेनाइल हॉर्मोनची नक्कल करतं: पायरीप्रॉक्सीफेन आणि मेथोप्रीन. हे हॉर्मोन अंगात आहे तोवर कीटक बाल्यातच राहतो. मोठं व्हायची वेळ आली की ते ओसरायला हवं. औषध ते ओसरू देत नाही, आणि घोळ कोषाच्या टप्प्यावर होतो.

दुसरं कुळ कायटिन बनू देत नाही: डायफ्लुबेन्झुरॉन आणि नोव्हॅल्युरॉन. कायटिन म्हणजे किड्याच्या कवचातला मुख्य घटक. कात टाकताना नवं कवच कच्चं राहतं, आणि अळी त्या कातीतच फसते किंवा फाटते. इथे प्रत्येक कातीला धोका असल्याने अळ्या कमी होताना लवकर दिसतात.

आपल्या राष्ट्रीय कीटकजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमात डायफ्लुबेन्झुरॉन २५ टक्के पावडर आणि पायरीप्रॉक्सीफेन ०.५ टक्के दाणेदार ही दोन्ही आहेत.

५. किड्याच्या हॉर्मोनचं औषध करायचं, हे सुचलं कुणाला?

हा प्रश्न शाळांमधून येतो आणि उत्तर द्यायला मला फार आवडतं. ज्युव्हेनाइल हॉर्मोनवर काम करणारे कॅरोल विल्यम्स हार्वर्ड विद्यापीठात होते. १९६० च्या दशकात चेकोस्लोव्हाकियातून कारेल स्लामा त्यांच्याकडे आले आणि येताना आपले नेहमीचे लाल-काळे ढेकूणवर्गीय किडे घेऊन आले. युरोपात हे किडे बिनतक्रार वाढायचे. अमेरिकेत मात्र प्रौढच होईनात, पिल्लावस्थेतच जास्तीची कात टाकून मरायला लागले. पाणी तपासलं, खाणं तपासलं, शेवटी संशय आला भांड्यात अंथरलेल्या कागदावर. अमेरिकन कागद काढून युरोपातला कागद घातला आणि किडे मोठे व्हायला लागले. तो कागद बाल्सम फर नावाच्या झाडाच्या लगद्याचा होता, आणि त्या झाडात ज्युव्हेनाइल हॉर्मोनसारखं काम करणारं द्रव्य होतं. एक झाड किड्यांना मोठं होऊ देत नाही, ही कल्पना तिथून पुढे औषधांपर्यंत पोचली.

६. हॉर्मोन म्हणता, मग आमच्या, लेकरांच्या हॉर्मोनवर परिणाम होणार नाही का? आणि पिण्याच्या पाण्यात चालतं का?

ज्युव्हेनाइल हॉर्मोन कीटकांसारख्या संधिपाद प्राण्यांत असतं, माणसाच्या शरीरात नसतं. आपल्यात कायटिनचं कवचही नाही. ज्या कुलपासाठी ही किल्ली आहे ते कुलूपच आपल्याकडे नाही. तरी ‘बिनधास्त टाका’ असं मी म्हणणार नाही, आकडे बघू.

जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्याच्या भांड्यांसाठी पायरीप्रॉक्सीफेनची मात्रा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम धरली आहे. दिवसाला दोन लिटर पाणी पिणाऱ्याच्या पोटात ०.०२ मिलिग्रॅम जाईल. आयुष्यभर रोज घेतलं तरी चालेल अशी मर्यादा वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम. तीनशे पटींचं अंतर आहे. वरच्या दुधावरचं बाळ वजनाच्या मानाने जास्त पाणी पितं, तरी त्याचाही आकडा मर्यादेच्या दीड टक्क्याच्या आसपास राहतो.

पण हे गणित मात्रा बरोबर असेल आणि औषध त्या वापरासाठी मंजूर असेल तेव्हाचं. पिण्याच्या पाण्यात काय टाकायचं हे आरोग्य विभागाने ठरवायचं, आपण दुकानातून आणून नाही. घरच्या पिण्याच्या पाण्याला औषध लागूच नये: आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करायची आणि घट्ट झाकायची. कोरडा दिवस पाळणाऱ्या घरात मी अळ्या क्वचितच पाहिल्यात.

७. या औषधामुळे ब्राझीलमध्ये बाळांची डोकी लहान झाली, असा मेसेज आलाय. खरं आहे?

नाही. २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला झिका सापडला तेव्हा आणि २०२४ मध्ये पुण्यात गर्भवतींना लागण झाली तेव्हा हा मेसेज फिरत होता, म्हणून सविस्तर लिहिते.

फेब्रुवारी २०१६ मध्ये अर्जेंटिनातल्या डॉक्टरांच्या एका गटाने हा संशय मांडला. ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्याने पिण्याच्या पाण्यातला पायरीप्रॉक्सीफेनचा वापर थांबवला. पण रेसिफे शहरात, जिथे लहान डोक्याच्या बाळांची संख्या मोठी होती, तिथे हे औषध वापरतच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेला गर्भावर परिणामाचा पुरावा मिळाला नाही. एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने पुरावे तपासून कारण झिका विषाणूच असल्याचं जाहीर केलं. तो विषाणू एडीस डास पसरवतो. अफवेला घाबरून गर्भवतीच्या घराजवळची अळीनाशक मोहीम अडवली, तर धोका वाढतो तो तिचाच.

८. किती टाकायचं? “मूठभर टाका” म्हणतात.

मूठभर हे माप नव्हे. पायरीप्रॉक्सीफेन ०.५ टक्के दाणेदार म्हणजे एक ग्रॅम दाण्यांत ५ मिलिग्रॅम औषध. लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या हिशेबाने १००० लिटरला १० मिलिग्रॅम, म्हणजे दोन ग्रॅम दाणे. बांधकामावरची दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद, एक मीटर खोल टाकी ३००० लिटरची, तिला सहा ग्रॅम. मुठीत याच्या कित्येक पट येतं.

हिशेब आज असलेल्या पाण्याचा नाही, टाकीच्या पूर्ण क्षमतेचा धरा. उद्या ती भरणारच आहे. उथळ साचलेल्या पाण्याला क्षेत्रफळ मोजतात: स्वच्छ पाण्याला हेक्टरी दोन किलो, घाण पाण्याला चार. शंभर चौरस मीटरच्या डबक्याला म्हणजे २० किंवा ४० ग्रॅम. तुमच्या पुड्यावरचं लेबल वेगळं सांगत असेल तर लेबलचं ऐका, कारण औषधाचं प्रमाण पुड्यागणिक बदलू शकतं.

किराणा काटा दोन ग्रॅम धड दाखवत नाही. सोनाराकडे एकदा मोजून घ्या, एखाद्या बुचावर खूण करा, आणि ते बूच औषधाच्याच डब्यात ठेवा.

९. एकदा टाकलं की किती दिवस पुरतं?

पाण्यावर अवलंबून. श्रीलंकेत एलाहेरा भागात रत्नांसाठी खणून सोडलेल्या खड्ड्यांत मलेरियाचे डास वाढायचे. तिथे एकदा टाकलेलं पायरीप्रॉक्सीफेन जवळपास सहा महिने टिकलं आणि आसपासच्या गावांत मलेरियाही कमी झाला. ते पाणी साचलेलं होतं. वाहत्या नाल्यात हे विसरा. गाळ, शेवाळ, सांडपाणी असेल तर औषध त्याला चिकटून बसतं आणि मात्रा कमी पडते. मेथोप्रीन उन्हात लवकर विघटित होतं, म्हणून ते हळूहळू सुटणाऱ्या वड्यांच्या रूपात येतं. कार्यक्रमातली डायफ्लुबेन्झुरॉनची फवारणी आठवड्याच्या वेळापत्रकाने करतात. तुमच्या टाकीचं नेमकं उत्तर प्रश्न ३ मधली बरणी देईल: डास निघायला लागले की पुन्हा टाकायची वेळ झाली.

१०. आरोग्यसेवक रांजणात टाकतात ते हेच का?

बहुतेक ठिकाणी ते टेमिफॉस, लोक ज्याला अॅबेट म्हणतात. ते मज्जासंस्थेवर काम करणारं औषध आहे, आयजीआर नाही, म्हणून अळ्या दुसऱ्या दिवशी मेलेल्या दिसतात. बीटीआय हे जिवाणूपासून बनवलेलं, अळीने खाल्लं की तिच्या आतड्यावर काम करतं. गटारावर टाकतात ते काळपट तेल पाण्यावर तवंग धरून अळ्यांचा श्वास कोंडतं. चारही वेगळी आहेत. कोणतं टाकलं ते विचारा आणि वहीत तारीख घाला.

११. पाण्यात आधीच कोष झालेले असतील तर?

ते बहुधा सुटतील. कोष खात नाही, आणि आत डास घडायला सुरुवात झालेली असते. औषध टाकल्यावर पहिले दोन-तीन दिवस डास उडाले तर ते हेच. खूप कोष दिसत असतील तर आधी पाणी उपसून कोरड्या मातीवर ओता किंवा कोष गाळून काढा, आणि मग औषध. गटारात मात्र ओतू नका.

१२. हौद कोरडा पडलाय. आता औषधाची गरज नाही ना?

एडीसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यात कित्येक महिने तग धरतात. पहिल्या पावसात पाणी चढलं की फुटतात. औषध पाण्यात टाकायचं असतं, कोरड्या भिंतीवरची अंडी त्याने मरत नाहीत. ती काथ्याने खरवडूनच काढावी लागतात.

१३. गप्पी मासे सोडलेत. वर आयजीआर टाकू का?

ठरलेल्या मात्रेत पायरीप्रॉक्सीफेनने गप्पी मरत नाहीत. पण मासे तगडे आणि पुरेसे असतील, तर औषध कशाला? विहिरीत शेवाळ आणि पालापाचोळा असेल तर अळ्या त्याच्या आडोशाला राहतात. आधी तो काढा, मासे उरलेलं काम करतील.

१४. कोळंबी, मधमाशा, रेशमाच्या अळ्या यांना धोका आहे का?

आहे, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. कोळंबी, खेकडे, पाण्यातले पिसूसारखे सूक्ष्म जीव या सगळ्यांचं कवच कायटिनचं. डायफ्लुबेन्झुरॉन त्यांना डासअळी समजूनच वागवतं. कोकणात खाडी, खाजण किंवा कोळंबीच्या तळ्याला जोडलेल्या पाण्यात ते टाकू नका. तिथे बीटीआय कितीतरी बरं.

मराठवाड्यात तुती लावून रेशीम करणाऱ्यांनी पायरीप्रॉक्सीफेनपासून लांबच राहावं. रेशमाचा किडा त्याला अतिशय नाजूक असतो: अळी खात राहते, पण कोष धड विणत नाही, आणि शेतकऱ्याची अख्खी बॅच जाते. संगोपनगृहाजवळ ते हाताळायचं नाही, औषधाच्या टाकीतलं पाणी तुतीला द्यायचं नाही. मधमाशांच्या पोळ्यातल्या पिल्लांवरही परिणाम होऊ शकतो, म्हणून पोळ्याजवळ फवारा मारू नका.

१५. कपाशीसाठी आणलेलं नोव्हॅल्युरॉन किंवा पायरीप्रॉक्सीफेन उरलंय. औषध तेच, मग टाकीत टाकलं तर?

टाकू नका. नाव तेच असलं तरी बाटली वेगळी. कपाशीच्या पांढऱ्या माशीसाठीचं १० टक्के द्रावण दाणेदारपेक्षा वीसपट तीव्र, शिवाय त्यात पानावर पसरण्यासाठी द्रावकं आणि फेसाळ घटक असतात. ते पाण्यात उतरवायला बनवलेलं नाही. कीटकनाशक कायदा, १९६८ नुसार नोंदणी वापरागणिक होते. पिकाची नोंदणी डासांना चालत नाही.

१६. संडासाच्या टाकीतून संध्याकाळी ढगभर डास येतात. तिथे चालेल?

तो क्युलेक्स, हत्तीरोग पसरवणारा. घाण पाण्याची मात्रा वापरून चालेल, पण आधी व्हेंट पाइपच्या तोंडाला जाळी किंवा जुनं नायलॉनचं कापड बांधा आणि झाकणाच्या फटी सिमेंटने बुजवा. पन्नास रुपयांत बरंचसं काम होतं.

१७. डासांना याची सवय होणार नाही का?

होते. कॅलिफोर्नियात एका जातीच्या डासांत मेथोप्रीनला प्रतिकार आढळला. इटलीच्या एमिलिया-रोमान्या भागात क्युलेक्स पिपियन्स डासांत डायफ्लुबेन्झुरॉनविरुद्ध जनुकीय बदल सापडला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून एकच औषध वर्षानुवर्षं वापरू नका. एका हंगामानंतर कुळ बदला, मध्ये बीटीआय आणा. पायरीप्रॉक्सीफेन सोडून मेथोप्रीन घेणं म्हणजे कुळ बदलणं नव्हे, प्रश्न ४ पाहा.

१८. डास स्वतःच औषध पसरवतो असं ऐकलं. खरंच?

खरंच. पेरूमधल्या इक्विटोस शहरात संशोधकांनी मादी डास बसतात त्या जागांवर पायरीप्रॉक्सीफेनची भुकटी लावली. मादी तिथे टेकली, पायांना कण लागले, आणि ती पुढे जिथे जिथे अंडी घालायला गेली तिथल्या पाण्यात ते उतरले. विसाव्याच्या जागांपैकी जेमतेम तीन ते पाच टक्के जागा पुरल्या. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. एडीसची मादी आपल्या कुंडीखालच्या ताटलीपासून शेजारच्या करवंटीपर्यंत थोडी थोडी अंडी वाटून घालते. आपल्याला न सापडणाऱ्या करवंट्या तिला सापडतात. हे इतकं साधतं, कारण हे औषध अगदी अल्प मात्रेत काम करतं.

१९. शेजारी अर्धवट सोडलेली इमारत आहे. तळघरात गुडघाभर पाणी, मालकाचा पत्ता नाही. काय करू?

आयजीआर खरोखर शोभतं ते अशाच जागी: पाणी उपसता येत नाही, कुणी पीत नाही, मासे टिकत नाहीत, दर आठवड्याला जायला माणूस नाही. पण कुंपण ओलांडून स्वतः टाकू नका. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाकडे किंवा ग्रामपंचायतीकडे लेखी तक्रार द्या. सोबत जागेचा फोटो, पाण्याची अंदाजे लांबी-रुंदी आणि कोष दिसले असतील तर तसं स्पष्ट लिहा. ‘डास फार आहेत’ एवढंच लिहिलं तर बहुधा धुराची गाडी येते. ती उडणारे डास मारते, तळघरातल्या पाण्यापर्यंत पोचत नाही. ते औषध टाकून गेले की आठवड्याने कोषांसकट एक बरणी पाणी मागून घ्या आणि प्रश्न ३ प्रमाणे सावलीत ठेवा.